सगळ्यांना ‘तू’, मला ‘तुम्ही’

आयुष्यात मी सगळ्यात जास्त मत्सर केला तो एका कोळणीचा. तिच्या कानांतल्या सोन्याचा नव्हे, तिच्या ठसक्याचाही नव्हे. माझी मुलगी तिला ‘तू’ म्हणायची, याचा. कारण मला ती ‘तुम्ही’ म्हणायची.

आता नातवंडं झाली, गुडघे गेले, अर्धे दात वाटीत काढून ठेवावे लागतात. आता खरं सांगायला हरकत नाही. तेव्हा विचारलं असतंत तर मी नाक उडवून म्हटलं असतं, “छे, मला कसला मत्सर? शिळी मासळी खपवते म्हणून आवडत नाही मला ती बाई.” तिची मासळी कधीच शिळी नसायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला राहायचो, टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका चाळीत, दोन खोल्यांत. नवरा कंपनीत पाळ्या करायचा. सासूबाई मालवणकडून मुंबईला येऊन चाळीस वर्षं झाली तरी मालवणीच बोलायच्या, आणि समोरच्याला कळलं नाही तर आवाज वाढवायच्या, शब्द बदलायच्या नाहीत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. आणि मी. म्हणजे तेव्हाची मी: बत्तीस वर्षांची, दादरला वाढलेली, मॅट्रिक झालेली आणि तेवढ्या जोरावर स्वतःला फार शहाणी समजणारी एक बया. तिच्याबद्दल मी इथे काय काय लिहिणार आहे ते तिला कळायची सोय नाही हे बरंच आहे. फार तोंडाळ होती.

मुलगी जन्मापासून वेगळी होती. हृदयात जन्मतः आवाज. नाक बारीक, वर वळलेलं, ओठ भरलेले, आणि डोळ्यांच्या बुबुळांत चांदण्यांसारख्या रेघा. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. जिना उतरताना प्रत्येक पायरीला विहीर असल्यासारखी थबकायची. फ्रॉकचं बटण लावता यायचं नाही. पण बोलायला लागली ती थांबलीच नाही, आणि बोलायची ती कुणाशी? सगळ्यांशी. तिच्या लेखी जगात अनोळखी माणूस नावाची जातच नव्हती.

कोळीण आठवड्यातून दोनदा यायची. तिची हाक खाली गल्लीत ऐकू आली की ही पंखा बघायचं थांबवायची. पंखा बघणं हे तिचं मोठं काम होतं, त्याबद्दल पुढे सांगते. दारात जाऊन उभी राहायची आणि पाटी खाली उतरायच्या आत कोळणीच्या कमरेला मिठी.

“तू आलीस गं! तू कशी आहेस? तुझं लुगडं छान आहे. तू माझी आवडती आहेस.”

“आलू गो माजे बाय,” कोळीण म्हणायची आणि मासळीचा हात लागू नये म्हणून कोपराने तिचं डोकं जवळ ओढायची. “तुजी पोर म्हनजे साखर हाय बघ,” हे मला.

मग ती साखर माझ्याकडे वळायची आणि म्हणायची, “अहो आई, तुम्ही बांगडे घ्या.”

अहो आई. तुम्ही.

कोळीण पदर तोंडाला लावून हसायची. मी बांगडे उलटेपालटे करत, कल्ले उघडून बघत, ताजे आहेत हे दिसत असतानाही नाक मुरडायची. बिचाऱ्या बांगड्यांचा काय दोष.

हे एकट्या कोळणीपुरतं असतं तर सोसलं असतं. बसचा कंडक्टर ‘तू’. पिठाच्या गिरणीवाला ‘तू’. चाळीचे सेक्रेटरी, ज्यांच्यासमोर माझा नवरा चप्पल काढून उभा राहायचा, त्यांना ही म्हणायची, “तुझ्या कानात केस आहेत. छान आहेत. तू माझा आवडता आहेस.” आणि ते गृहस्थ, जे पाण्याच्या वेळेवरून बायकांवर खेकसायचे, विरघळून जायचे. सासूबाईंना ‘आजी, तू’. बापाला ‘बाबा, तू’. धाकट्या भावाला तर ‘तू’च. साऱ्या भांडुपात ‘तुम्ही’ म्हणायच्या लायकीची एकच बाई होती, आणि ती म्हणजे जिने तिला नऊ महिने पोटात वाहिलं ती.

आपल्याकडे सून सासूला ‘अहो आई’ म्हणते. आईला ‘ए आई’, ‘आई गं’. हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर ते इतकं लागायचं. मुलगी मला ‘अहो’ म्हणते म्हणजे मी तिची सासू ठरते, असा माझा हिशोब. चाळीतल्या बायकांचाही तोच.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडे. दहा-बारा बायका दाटीवाटीने बसलेल्या. मुलगी प्रत्येकीसमोर जाऊन, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून, फार जवळून, नको इतका वेळ बघत होती आणि तेच वाक्य म्हणत होती: तू कशी आहेस, तुझी साडी छान आहे, तू माझी आवडती आहेस. बायका “अगं बाई, किती गोड!” करत होत्या. मी पाठीमागे तिळगुळाचं ताट घेऊन उभी. मला बघून ती म्हणाली, “अहो आई, तुम्ही बसून घ्या. दमलात.”

समोरच्या खोलीतली शेजारीण, जिला टोमणा मारल्याशिवाय चहा पचायचा नाही, ती लगेच म्हणाली, “काय गं, ही तुझी मुलगी की सून?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्या त्या बयेला लोकांसमोर हसता फार छान यायचं. मग ती आत मोरीत गेली आणि स्वच्छ असलेली कळशी घासत बसली.

मला दुखायचं ते नुसत्या ‘अहो’मुळे नव्हे. जगाला साखर मिळायची आणि मला काय मिळायचं ते सांगते. कुकरची शिट्टी वाजली की ती कानांवर हात दाबून किंचाळायची, इतकी की मी डाळभात ती शाळेत असतानाच उरकायला लागले. कुणाचा मिक्सर दोन खोल्यांपलीकडे सुरू व्हायच्या आधी तिला कळायचं. ढोलताशांची भीती तर अशी, की गणपतीला दोन महिने असताना प्रश्न सुरू व्हायचा: “अहो आई, ताशे वाजणार?” वाजणार. “कधी वाजणार?” अजून दोन महिने आहेत. “अहो आई, ताशे वाजणार?” दिवसातून शंभरदा. उत्तर दिलं तरी, नाही दिलं तरी. पोट दुखायचं, अंगठ्याचं कातडं सोलून रक्त काढायची. आणि पंखा. छताच्या पंख्याखाली उताणी पडून पात्यांकडे तासन्‌तास. बंद केला तर डोकं जमिनीवर आपटायची. हे सगळं घरात, दार लावल्यावर, माझ्यापुढे. बाहेर पडलो की पुन्हा, “तू कशी आहेस गं?”

म्हणजे लोकांना दिवाळी आणि मला शिमगा. जळू नको तर काय करू?

एकदा तर हद्द झाली. मी रेशनच्या दुकानात रांगेत होते, हात सोडून ती निघून गेली. अर्धा तास मी आणि नवरा वेड्यासारखे गल्ल्या पालथ्या घालत होतो. सापडली कुठे, तर मागच्या चाळीत एका अनोळखी बाईच्या घरी, पाटावर बसून वरणभात खाताना. ती बाई म्हणाली, “आपणहून आत आली हो. मला म्हणाली, तू माझी आवडती आहेस, मला भूक लागली.”

कुठलीही आई देवाला हात जोडेल. आमच्या बयेने काय केलं? मुलगी सुखरूप आहे हे बघितलं, आणि त्यानंतरचा तिचा पहिला विचार असा: हिला आवडती म्हणाली. अर्ध्या तासाच्या ओळखीत. मला नऊ वर्षांत एकदाही नाही. त्या बाईने पुढे केलेलं पाणीसुद्धा मी घेतलं नाही. घसा कोरडा पडला होता तरी.

तिला आम्ही एका मोठ्या इस्पितळात हृदयाच्या तपासणीला न्यायचो. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा बघून प्रथम तिच्या आजाराचं नाव घेतलं होतं. नाव कुणा परदेशी डॉक्टरांवरून पडलेलं, मला तेव्हा उच्चारता यायचं नाही. आता येतं तर कुणी विचारत नाही. पुढे खूप वर्षांनी रक्ताची तपासणी निघाली आणि कळलं, की गुणसूत्राचा एक बारीक तुकडा तिच्यात जन्मापासून नाहीच. त्या वेळी त्यांना एवढंच माहीत होतं, की अशी मुलं फार विरळा, हृदय जपायचं, आणि ही मुलं माणसांवर विरघळतात.

त्या संक्रांतीनंतरच्या खेपेला मी धीर करून विचारलं, “मॅडम, ही सगळ्यांच्या गळ्यात पडते. पण मला परकी असल्यासारखं बोलते. असं का?”

डॉक्टरीणबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं होतं. (“तुझा चष्मा छान आहे,” त्यांनाही मिळालं होतं.) त्या म्हणाल्या, “ऑटिझम ऐकलंय तुम्ही? स्वमग्न मुलं?”

“स्वमग्न? ही?” मी म्हटलं. “ही तर अख्ख्या वॉर्डला मिठ्या मारून आली.”

“माणसांकडे धावते, ते उलटं आहे, खरं. पण पंखा बघत बसणं, आवाज न सोसणं, तेच तेच विचारणं, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलणं, हे त्यातलंच आहे. आणि काळजी. ही मुलं हसतात म्हणून लोकांना वाटतं सुखी आहेत. आत फार भीती असते त्यांच्या. मोठी झाल्यावर त्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडेही न्यावं लागेल, तेव्हा लाजू नका.”

लाजले. विशीत ती महिना-महिना गप्प बसायला लागली, जेवण टाकलं, तेव्हा मी आधी दोन देवळं केली आणि मग त्या डॉक्टरांकडे गेले. पण ते पुढचं.

त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंच्या इतक्या बोलण्यातून एकच गोष्ट घरी आणली: वाक्य जसंच्या तसं उचलते. ठीक आहे. उचलते ना? मग मी तिला दुसरं वाक्य देते.

आधी लाचेचा मार्ग. संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू डब्यात होते. एक लाडू हातात धरून मी म्हणायची, “म्हण, आई गं, तू मला लाडू दे.”

ती म्हणायची, “अहो आई, तुम्ही लाडू द्या.”

“तू दे.”

“तू दे, अहो आई.”

असे सोळा लाडू गेले. सात तिने खाल्ले, नऊ रागाने मी.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, त्या कोपऱ्यात बसून नारळ खवत हा तमाशा बघत होत्या, “काय गो, चेडवाक कित्याक छळतस? मांजराक पोरां म्यांव म्हणतत. तशी तू ‘अहो आई’. दिसभर तुज्या तोंडात ताच असता.”

खवणीवर नारळ फिरत राहिला. मी हातातला लाडू डब्यात परत ठेवला.

खरंच होतं. सकाळपासून माझं चालू असायचं: अहो आई, चहा घ्या. अहो आई, तुम्ही बसा, मी करते. त्या लेकराने दोन वर्षं, तीन वर्षं, एक शब्द न बोलता हे ऐकलं होतं. मांजर जो आवाज करतं ते मांजराचं नाव. मी जो आवाज करायची ते माझं नाव. आणि ‘अहो’च्या मागून ‘तुम्ही’ येतं, म्हणून तेही आलं.

शहाण्या बाईने इथे थांबून लेकीला जवळ घेतलं असतं. आमच्या बयेने बेत रचला. नाव माझ्या तोंडातून गेलं ना? मग माझं तोंडच बदलायचं. मी सासूबाईंना ‘आई गं, तू’ म्हणायला लागले की पोरगी आपोआप मला तेच म्हणेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं, “आई गं, तू चहा घे.”

सासूबाईंनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पाठीमागे, तिथे दुसरं कुणी उभं आहे का ते.

“कोणाक बोलतस?”

“तुला.”

“तुजा डोक्या फिरला काय गो? माज्या तोंडार माका ‘तू’ म्हणतस?”

मी सगळं सांगितलं. मुलीसाठी आहे, थोड्या दिवसांपुरतं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय (हे खोटं). त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारली. “आयकलंस? तुजी बायल माका तू म्हणता.”

नवरा दाढी करत होता. म्हणाला, “मीही तुला तूच म्हणतो.”

“तू झील असस.”

“मग ती मुलगी असं समज ना, आये.” आणि गाल कापून घेतला. त्या घरात शहाणं माणूस एकच होतं आणि त्याच्या पाळ्या सतत बदलायच्या.

पहिला आठवडा सासूबाई उत्तर द्यायच्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात हुंकार भरायला लागल्या. मी दिवसभर घसा फाडून ओरडत होते: आई गं, तू जेव. आई गं, तुझी गोळी घेतलीस का? चाळीत बोभाटा झाला. समोरची शेजारीण म्हणाली, “सासूला अरेतुरे? वाट लागली म्हणायची तुमच्या घराची.” मी म्हटलं, “माझं घर, माझी सासू, तुला काय करायचंय?” तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, “बरां बोललंस!” ते माझ्या बाजूने होतं हे कळायला मला थोडा वेळ लागला.

आणि होळीच्या सुमाराला ते झालं.

मुलगी शाळेतून आली. मुलुंडला अशा मुलांची शाळा होती, तिथून बस यायची. मी दारात उभी होते. तिने माझ्या कमरेला मिठी मारली, मान वर केली, आणि चांदण्यांचे ते डोळे माझ्यावर रोखून म्हणाली, “आई गं! तू कशी आहेस? तुझी साडी छान आहे. तू माझी आवडती आहेस.”

मिळालं. ‘तू’ मिळालं, ‘आई गं’ मिळालं, ‘आवडती’सुद्धा मिळालं. नऊ वर्षं ज्यासाठी जळले ते सगळं एका दमात पदरात पडलं.

आणि मी तिथे दारात उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं, की हे ते वाक्य आहे. कोळणीचं. कंडक्टरचं. मागच्या चाळीतल्या वरणभातवालीचं. मला मिठी मारून झाल्यावर ती वळली आणि त्याच आवाजात, त्याच चढउतारात, जिन्यावरून जाणाऱ्या पोस्टमनला म्हणाली, “तू कसा आहेस? तुझी पिशवी छान आहे.”

मी रांगेत उभी होते. सगळ्या भांडुपाच्या रांगेत, पोस्टमनच्या पुढे एक नंबर.

तोवर मला कधी सुचलंच नव्हतं, की ‘तू’ तिने जगाला वाटलं होतं, पण ‘अहो आई, तुम्ही’ हे अख्ख्या जगात एकाच माणसाला होतं. ताशांचं भय, पोटदुखी, शंभर वेळा तोच प्रश्न, सगळं त्या एका नावाला हाक मारून येत होतं. ते नाव मी स्वतः, लाडू खाऊ घालून, सासूला अरेतुरे करून, महिनाभर मेहनत करून पुसून टाकलं होतं. चालत्या गाडीला खीळ घालायची तर ती अशी, मॅट्रिक पास असल्यासारखी.

त्यानंतरच्या दिवसांत मला आणखी एक कळलं. तिने मला काही विचारायचं थांबवलं. ताशांचं नाही, मिक्सरचं नाही. शेजारच्या खोलीत मिक्सर लागला तर ती कानांवर हात ठेवून दोन्ही खोल्यांत फिरायची, मोरीत बघायची, दारामागे बघायची. मी समोर उभी असताना. “मी आहे ना इथे,” मी म्हणायची. ती म्हणायची, “तू कशी आहेस?” आणि पुन्हा शोधायला लागायची.

कुणाला शोधतेय ते मला माहीत होतं. मला त्या बाईचाही मत्सर वाटला. हसा. पण मला खरोखर वाटला. दारामागे नसलेल्या त्या ‘अहो आई’चा.

मी धावत सासूबाईंकडे गेले. “अहो आई, आता मी परत तुम्हाला ‘अहो’ म्हणणार आहे. आतापर्यंतचं सगळं रद्द.”

सासूबाई गोधडीला टाके घालत होत्या. सुई थांबवली नाही. “नको.”

“नको म्हणजे?”

“माका आता ‘तू’च म्हण.”

मला वाटलं सूड घेतायत. म्हटलं, “अहो पण तुम्हीच तर तेव्हा...”

“तेव्हा तेव्हा. झील ‘तू’ म्हणता, नातवंडां ‘तू’ म्हणतत. पण चुलीकडे बसान माका ‘तू’ म्हणणारा बाईमाणूस ऱ्हवला नाय. माजी आये गेली, भयणी गेल्यो.” दोरा दाताने तोडला. “महिनोभर बरां वाटला. आता परत ‘अहो’ म्हणशीत तर परकी वाटशीत.”

आता सांगा. एकाच वेळी दोघींना खूश कसं ठेवायचं? लेकीसाठी ‘अहो’ पाहिजे, सासूला ‘तू’ पाहिजे. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मालवणी बाई न बोलता जेवढं बोलू शकते तेवढं बोलून घेतलं: भांडी आपटली, दार आपटलं, माझ्या वाटणीची सोलकढी नातवाला दिली. तिसऱ्या दिवशी तह झाला. मुलगी घरात असेल तेव्हा ‘अहो आई, तुम्ही’. शाळेत गेली की ‘आई गं, तू’. सासूबाई जाईपर्यंत आम्ही दोघींनी तो पाळला. बस खालच्या वळणावर वाजली की मी वाक्याच्या मध्यात बदलायची, “आई गं, तू जरा कोथिंबीर... अहो, निवडता का?” सासूबाईंना त्यात लपंडावाची मजा यायला लागली होती.

पण मुलीत काही फरक पडेना. मी घसा बसेपर्यंत ‘अहो आई’ करत होते. ती मला ‘तू’च म्हणायची, गोड, छान, आवडती. एके दिवशी कोळीण आली. पाटी उतरवून म्हणाली, “आज तुला बी मिठी मारली की गो! झायलं तुज्या मनासारखं?” तिने खवचटपणे विचारलं नव्हतं. तिला मनापासून आनंद झाला होता. मी बांगडे न बघता घेतले आणि आत गेले. तिच्यावर रागवायलाही माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

पाडवा झाला. रामनवमी झाली. मी आशा सोडली असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे. ती बया आशा सोडणाऱ्यांतली नव्हती. ती दर तासाला कान टवकारून होती आणि आपण तसं करत नाही आहोत असा चेहरा करून होती.

त्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. सासूबाई उंबऱ्याशी कांदे चिरत होत्या. मुलगी आतल्या खोलीत पंख्याखाली. खाली गल्लीत कुणाच्या तरी लग्नाची वरात निघाली आणि सूचना न देता ताशा कडाडला. अगदी आमच्या जिन्याखाली.

मी परातीतून हात काढायच्या आत ती आली. धावत नव्हती, तिला धावता यायचं नाही नीट. भिंतीला धरत, कानांवर एकच हात, कारण दुसऱ्याने भिंत धरलेली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मिठी नाही, साडी छान नाही. चेहरा पांढरा पडलेला, आणि रागावलेला. माझ्यावर एवढी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“अहो आई,” ती म्हणाली, “कुठे गेला होतात तुम्ही?”

हे वाक्य तिने माझ्याकडून उचललेलं नव्हतं. सासूबाईंना असं विचारायची माझी त्या घरात कधी छातीच झाली नव्हती. कुणाचंच नव्हतं ते, तिचं तिनेच जुळवलं होतं.

“इथेच होते गं,” मी म्हटलं. पिठाच्या हातांनीच तिचे दोन्ही कान झाकले. तिने माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि विचारायला लागली, “अहो आई, ताशे थांबणार? कधी थांबणार? अहो आई, थांबणार?” मी प्रत्येक वेळी सांगत होते, थांबणार. तिने तोंड पोटातून काढलंच नाही, म्हणून माझं काय झालं होतं ते तिला दिसलं नाही.

सासूबाईंना दिसलं. त्यांनी विळीवरून मान वर केली, आमच्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

“रडूचा ता मगे रड,” त्या म्हणाल्या. “आदी तवो बघ गो, भाकरी जळली.”